कोपऱ्यातलं टिंब

ते दोन महिने मला स्वप्नात काढल्यासारखे आठवतात. त्यात गूढबिढ काही नाही, मला नीट दिसत नव्हतं एवढंच. डोळ्यांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या बाईने मला दिसत नाही असं सांगायचं म्हणजे आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घ्यायचा, म्हणून मी गप्प होते. दारातून येणारा पेशंट आधी नुसता रंग असायचा, मग आकार, आणि काउंटरला टेकला की माणूस. दिव्यांना कापूस फुटल्यासारखा दिसायचा. घरी माझी थोरली बहीण मला सुईत दोरा ओवून द्यायची आणि म्हणायची, "तू नक्की डोळ्यांच्याच दवाखान्यात आहेस ना? कानांच्या नाही?"

मला सगळे काउंटर काकू म्हणतात. माझं तोंड तिखट आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून ऐकायची वेळ नको.

दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली चष्म्यांचं दुकान. जिना चढून आलं की माझं काउंटर, मग एक लांबट बोळ आणि बोळात भिंतीला लागून बाकडं. डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले की त्या बाकड्यावर डोळे मिटून बसायचं, चांगली चाळीस मिनिटं. बाराच्या सुमारास तिथे सात-आठ माणसं ओळीने बसलेली असायची, हात मांडीवर, डोळे मिटलेले, डोक्यावर पंखा फिरतोय आणि कोणी कोणाशी बोलत नाही. बोळाच्या टोकाला काळा पडदा, त्यामागे नंबर काढायची अंधारी खोली. तिथून दिवसभर भिंगं बदलल्याची टकटक ऐकू यायची आणि एकच प्रश्न, हजार वेळा: "हे बरं, की हे?" मला वाटतं मी झोपेतसुद्धा तो प्रश्न ऐकत असेन.

तिथे ती शिकायला आली. डोळे तपासून नंबर काढायचं जे शिक्षण असतं, त्याचं शेवटचं वर्ष. कॉलेजने दोन मुली आमच्याकडे आठ आठवड्यांसाठी पाठवल्या होत्या. एक याच शहरातली, चुणचुणीत, बोलकी. आणि दुसरी ती. ती आदिवासी. नदीच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्यापलीकडे तिच्या लोकांची वस्ती. आमचं शहर उभं आहे ती जमीनही एके काळी त्यांचीच, आम्ही मागाहून आलो. पण ते आम्ही शाळेत एका परिच्छेदात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि विसरलो होतो.

अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले, पांढरा कोट खांद्यांवर थोडा मोठा. चालताना पाऊल वाजायचं नाही. बोळातून यायची तेव्हा माझ्या त्या पुसट नजरेला वाटायचं की पांढरा कोट एकटाच चालत येतोय. बोलणं मोजकं, पण आवाज असा की ऐकत राहावंसं वाटे. बाकड्यावरची डोळे मिटलेली माणसं तिच्या आवाजाने सैल व्हायची. एक बाई तर थेंब घातल्यावर तिला म्हणाली, "बोलत राहा गं, बरं वाटतं." चाळीस मिनिटांनी डोळे उघडून तिच्याकडे नीट पाहिलं, तेव्हा त्याच बाईने काउंटरवर येऊन मला विचारलं की तपासणीला दुसरं कोणी नाही का.

आमचे मोठे सर म्हणजे नंबर काढण्यात हातखंडा माणूस. बोलणं लोण्यासारखं, कोणावर कधी आवाज चढवला नाही. पहिल्याच दिवशी तिला म्हणाले, "तुम्हा लोकांची नजर तर घारीसारखी. रानात जनावरं हेरायची सवय. तुम्हाला कशाला लागतोय चष्मा?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले, कारण मोठ्याने हसायची मला खोडच आहे. दुसऱ्या दिवसापासून सरांनी तिचं नाव ठेवलं, रानपाखरू. "आमचं रानपाखरू आलं का?" "रानपाखरा, जरा ती भिंगांची पेटी आण." किती लाडाने म्हणायचे. ती पेटी आणून द्यायची. तिला ते आवडतं की नाही हे कोणी विचारलं नाही, मीही नाही. उलट मीसुद्धा तसंच म्हणायला लागले.

रोज सकाळी मशीनला हात लावायच्या आधी सर तिला म्हणायचे, "हात दाखव बघू." ती दोन्ही तळवे पुढे करायची. दुसऱ्या मुलीला कधी दाखवायला लागले नाहीत. माझ्या ते लक्षात आलं होतं. लक्षात येणं आणि तोंड उघडणं यांत माझ्या बाबतीत एरवी फार अंतर नसतं, पण तिथे पडलं.

डबा खायला ती माझ्याजवळ बसायची, काउंटरच्या मागच्या अंगाला, फायलींच्या कपाटाशी. दुसऱ्या आठवड्यात मी विचारलं, "एवढ्या लांबून येऊन हेच का शिकतेस बाई? नर्स व्हायचं, शिक्षिका व्हायचं."

तेव्हा तिने त्या चष्म्याची गोष्ट सांगितली. तिच्या वस्तीत शंभरेक घरं आणि चष्मा एक. कोण्या पाहुण्याचा राहून गेलेला. दुकानाच्या खांबाला खिळा होता, त्यावर तो टांगलेला असायचा. कोणाला पत्र वाचायचं असेल, तांदूळ निवडायचे असतील, पायातला काटा काढायचा असेल, तर तो न्यायचा आणि काम झालं की खिळ्यावर परत आणून लावायचा. तिच्या आईने तोच लावून कपडे शिवले. कपडे शिवून झाले की आई तासभर डोकं धरून बसायची. "आम्हाला वाटायचं चष्मा असाच असतो," ती म्हणाली. "विहिरीला जसा एक पोहरा, तसा वस्तीला एक चष्मा. ज्याला त्यातून दिसायचं नाही तो म्हणायचा, माझेच डोळे खराब. प्रत्येक माणसाचा नंबर वेगळा असतो, हे मला बाराव्या वर्षी कळलं, काकू. मला रडू आलं होतं."

पहिल्या वर्षाला असताना तिने सुट्टीत जाऊन तो चष्मा मागून आणला आणि कॉलेजच्या यंत्रावर मोजला. एका बाजूला अडीच, दुसऱ्या बाजूला पाऊण. "आख्ख्या वस्तीत असे डोळे कोणाचेच नसतील," असं म्हणाली आणि हसली. ती हसलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात नंबर काढायची खोली उघडायचं ठरलं होतं, पण पास झालेलं माणूस मिळालं तर. त्यासाठी तिला आमच्याकडच्या आठ आठवड्यांत दीडशे पेशंट तपासायला हवे होते, प्रत्येकाची वहीत नोंद आणि नोंदीखाली मोठ्या सरांची सही. दीडशे झाले नाहीत तर वर्ष वाया. आणि तिची शिष्यवृत्ती अशी होती की नापास झालं की तिथेच संपली. म्हणजे दीडशे नाहीत तर ती परत वर नदीकाठी, आणि तो चष्मा खिळ्यावर तसाच. हे सगळं मला दुसऱ्या आठवड्यात माहीत झालं होतं. पुढचं सांगताना हे लक्षात असू द्या.

तपासणीची पद्धत अशी होती. मी केस पेपर लिहायचा आणि बोळातल्या ट्रेमध्ये ठेवायचा. दोघी मुली आळीपाळीने वरचा पेपर उचलून पेशंटला आत न्यायच्या, शेवटी सर बघून सही करायचे. पहिल्या आठवड्यात काउंटरवर कुरबुर सुरू झाली. एक गृहस्थ म्हणाले, "ती झाडायला आली असेल म्हणून मी उठलोच नाही." एक बाई म्हणाली, "हिला काही येतं का? राखीव जागेवरून आत घुसतात आणि आमच्या डोळ्यांवर हात साफ करतात." मी सरांच्या कानावर घातलं. सर पेपरवरून नजर न उचलता म्हणाले, "काकू, तुम्ही जुन्या आहात. जरा बघून पाठवत जा." बस्स, एवढंच.

मी जरा बघून पाठवायला लागले. जो कुरकुर करेल त्याच्या पेपरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने टिंब. शहरातल्या मुलीला सांगून ठेवलं की टिंबवाला तू घे. आणि हिला सांगितलं, "टिंब असेल ती केस अवघड असते, तिला हात लावू नकोस, तो पेपर खाली सरकव आणि पुढचा घे." माझ्या तोंडून हे इतकं सहज गेलं की मलाच खरं वाटलं. ती "हो काकू" म्हणाली.

म्हणजे बघा, तिला नाकारलेला पेपर तिनेच उचलायचा, तिनेच टिंब बघायचं आणि तिनेच तो खाली सरकवायचा. दिवसातून एकदा, कधी दोनदा. मी काउंटरवरून तिचा पांढरा कोट ट्रेपाशी थांबलेला बघायचे. तेवढा वेळ तो हलायचा नाही. मला वाटायचं पोरगी मुळातच संथ आहे.

सवय लागली की हात आपोआप चालतो. शेवटी शेवटी कोणी कुरकुर करायची वाट मी बघेना झाले. इस्त्रीचा सदरा, हातात चांगली पिशवी, पुस्तकात असतं तसं शुद्ध बोलणं, की माझी पेन्सिल कोपऱ्यात टेकलीच. हा माणूस काही हिच्याकडून डोळे तपासून घ्यायचा नाही, हे मीच ठरवायचे. असे अकरा झाले. त्यांतले एक निवृत्त हेडमास्तर होते, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. ते फक्त म्हणाले होते, "मला घाई नाही, बसतो मी."

आठवा आठवडा आला. शहरातल्या मुलीचे दीडशे कधीच होऊन गेले होते. हिच्या वहीत चौऱ्याऐंशी.

शुक्रवारी कॉलेजच्या मॅडम यायच्या होत्या, शेवटच्या शेऱ्यासाठी. आदल्या दिवशी दुपारी सर बाहेर एका कार्यक्रमाला गेले, दुसरी मुलगी लवकर घरी गेली, अपॉइंटमेंट एकही नव्हती. बाकडं रिकामं, पंखा उगाच फिरत होता. उन्हाची एक लांब पट्टी बोळात पडली होती आणि माझ्या डोळ्यांना ती पाण्यासारखी हलताना दिसत होती. ती भिंगं पुसत बसली होती. रिकाम्या वेळात ती भिंगं पुसायची, सगळी पेटी, एक एक करून.

मी एक पेपर वाचायला हात लांब केला. ती मान वर न करता म्हणाली, "काकू, तुम्ही कागद फार लांब धरता."

"माझे हात लांब आहेत," मी म्हणाले.

"डोकं दुखतं का संध्याकाळी?"

"माझं डोकं लग्नापासून दुखतंय."

ती उठली आणि काळा पडदा बाजूला धरून उभी राहिली. काय झालं कोण जाणे, मी मुकाट्याने आत गेले. बावीस वर्षांत त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. तिने दिवा मालवला. समोर लांबवर उजळलेला अक्षरांचा तक्ता, बाकी सगळा मऊ काळोख. नाकावर ती जड फ्रेम आली. तिची बोटं कानापाशी हलकेच लागली, गार होती, साबणाचा वास येत होता.

"हे बरं, की हे?"

"हे."

"आता हे बरं, की हे?"

मला वाटतं मी त्या अंधारात थोडी तरंगायला लागले होते. कोणी इतक्या शांतपणे मला कधी काही विचारलेलंच नाही. आमच्याकडे सगळे हुकूम सोडतात, मी धरून. इथे ती विचारत होती आणि मी सांगेन ते खरं धरत होती. टक, टक, भिंग बदलायचं आणि समोरची अक्षरं एकेक करून जागी व्हायची. शेवटची ओळ मी न अडखळता वाचली. एवढं दिसायचं राहिलं होतं, आणि मी त्यालाच वय झालं म्हणत होते.

"आता जवळचं बघू," ती म्हणाली. जवळचं वाचायचं कार्ड सरांच्या कपाटात होतं आणि कपाटाला कुलूप. ती बाहेर गेली, फायलींतून एक केस पेपर घेऊन आली, तो माझ्या हातात दिला आणि वरून छोटा दिवा लावला. "वाचा."

मी वाचलं. "वय अठ्ठ्याहत्तर. पुरुष. तक्रार, वाचताना पुसट दिसतं."

"अजून?"

"तारीख. माझी सही."

"वर, उजव्या कोपऱ्यात?"

मी पेपर दिव्याजवळ धरला. टिंब चांगलं ठसठशीत होतं. पेन्सिल दाबून दिलेलं, काळं कुळकुळीत. दोन महिने मी ती टिंबं देत होते, पण स्वतः नीट कधी पाहिली नव्हती. हाताच्या सवयीने द्यायची आणि पुढे सरकायचं.

"टिंब," मी म्हणाले.

"स्पष्ट आहे, की पुसट?"

"स्पष्ट."

"छान." तिने माझा उजवा डोळा झाकला. "आता याने." आणि हातात दुसरा पेपर दिला. त्यावरही टिंब होतं. तिने त्याबद्दलही तेवढंच विचारलं, त्याच आवाजात. मग दिवा लावला, माझा नंबर कागदावर लिहिला आणि म्हणाली, "चष्मा लावलात की डोकं दुखायचं थांबेल. नंबर पुष्कळ दिवसांचा आहे." सगळं मिळून बारा मिनिटं लागली होती. ती पुन्हा भिंगं पुसायला बसली.

खालच्या दुकानदाराने दोन तासांत चष्मा करून दिला. तो लावून मी वर आले तेव्हा ती निघून गेली होती. दवाखाना बंद करायची वेळ. मी पेपरांचा गठ्ठा काढला आणि टिंबवाले वेगळे केले. बसले बघत. उद्या मॅडम विचारतील की या पोरीला पेशंट कमी का पडले, आणि ही मुलगी हे कोपरे दाखवेल. खरं सांगते, मला तिची काळजी नंतर वाटली. आधी माझ्या नोकरीची वाटली.

मी खोडरबर घेतलं. पण सगळी टिंबं नाही खोडली. मी हुशार बाई आहे. ज्यांनी स्वतःच्या तोंडाने नको म्हटलं होतं, त्यांची टिंबं मी राहू दिली. ती पेशंटवर ढकलता येत होती, सरांच्या "जरा बघून"वर ढकलता येत होती. मी ती अकरा खोडली, जी कोणी मागितली नव्हती. ती ढकलायला मला जागाच नव्हती. खोडून ते अकरा पेपर मी माझ्या खणात सरकवले आणि घरी गेले. बहिणीने चष्मा बघून सुईदोरा माझ्या हातात दिला, "घे, आता तूच ओव." मी पहिल्या झटक्यात ओवला. ती खूश झाली, मी नाही.

शुक्रवारी मॅडम आल्या. साठीच्या, सरळ बोलणाऱ्या. सरांच्या टेबलाशी बसल्या, समोर तिची वही. ती बाजूला उभी. मी पाण्याचे ग्लास घेऊन आत गेले आणि मुद्दामच तिथे घुटमळले.

"मुलगी गुणी आहे," सर म्हणत होते. "उलट बोलणार नाही, स्वच्छ राहायलाही शिकली. पण हात सावकाश. आता त्यांच्यात घड्याळाची सवयच नसते, त्याला ती तरी काय करणार? चौऱ्याऐंशीच झाले. मला वाईट वाटतं."

स्वच्छ राहायलाही शिकली. माझ्या कानाशी साबणाचा तो वास आला आणि माझं टाळकं सरकलं. "बारा मिनिटं," मी म्हणाले. "काल तिने माझा नंबर बारा मिनिटांत काढला, सर. तुम्हाला पंधरा लागतात. ती सावकाश नाही. तिला पेशंट मिळालेच नाहीत, कारण मी दिले नाहीत." आणि मी काउंटरवरून गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. टिंब काय, कशासाठी, तिला काय खोटं सांगितलं, सगळं सांगितलं.

सरांचा चेहरा उतरला. "मी तुम्हाला असं करायला कधी सांगितलं होतं का?"

"नाही. तुम्ही जरा बघून पाठवायला सांगितलंत."

मॅडमनी पेपर मोजले. दोनदा मोजले. "सत्तावन्न." मग कागदावर बेरीज केली. "चौऱ्याऐंशी आणि सत्तावन्न, एकशे एक्केचाळीस. दवाखान्यानेच पेशंट अडवले असतील तर मुदत वाढवता येते. पण हे सगळे मिळाले असते तरी दीडशे होत नाहीत. मग मला मुलगी कमी पडली असंच लिहावं लागेल. नियम तसा आहे."

"तेच मी म्हणत होतो," सर हळूच म्हणाले.

मी त्या बेरजेकडे बघत राहिले. नव्या चष्म्यातून ती फारच स्पष्ट दिसत होती. मला वाटलं होतं मी फक्त माझी अब्रू खणात ठेवली आहे.

"अडुसष्ट आहेत, मॅडम," ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता, कालच्यासारखाच होता. तिने वही उचलली, शेवटचं पान उघडून समोर ठेवलं. त्यावर तिच्या बारीक अक्षरात केस पेपरांचे क्रमांक होते, तारखेसकट, ओळीने. जो पेपर तिने ट्रेमध्ये खाली सरकवला होता, तो प्रत्येक तिने तिथे उभ्या उभ्या टिपून ठेवला होता. म्हणून तो पांढरा कोट तिथे थांबायचा.

मॅडमनी विचारलं, "तुला कळलं कधी?"

"पहिल्या आठवड्यातच. अवघड केसेस म्हणाल्या होत्या काकू, पण त्यांना बाहेर येताना नुसता वाचायचा नंबर मिळालेला असायचा."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कोणाला सांगू?" ती म्हणाली.

मी गेले, खण उघडला आणि ते अकरा पेपर आणून मॅडमसमोर ठेवले. खिडकीच्या उजेडात धरलं की खोडलेली जागा चकचकीत दिसत होती. "ही टिंबं काल मी खोडली," मी म्हणाले. "बाकीच्या पेशंटनी नको म्हटलं होतं. या अकरा जणांनी नाही. यांचं मीच ठरवलं. हे माझे." मला माझी इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. मॅडमनी पुन्हा बेरीज केली. एकशे बावन्न. त्यांनी पेन उचललं आणि लिहायला लागल्या.

तिला चार आठवडे वाढवून मिळाले. मॅडम म्हणाल्या दुसऱ्या दवाखान्यात जा, तो चांगला आहे. ती म्हणाली, "ही अडुसष्ट माणसं इथली आहेत. त्यांचे डोळे मला तपासायचे आहेत." सर माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत, आणि रानपाखरू हा शब्द दवाखान्यात पुन्हा ऐकू आला नाही. ती मात्र माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची, म्हणजे कमी. डबा खायला आता ती दुसरीकडे बसायची. मी बोलावलं नाही. कुठल्या तोंडाने बोलावणार?

अडुसष्ट फोन मी केले. पहिला हेडमास्तरांना. म्हटलं, "मास्तर, गेल्या महिन्यात तुम्हाला जिच्याकडे पाठवायचं होतं, तिच्याकडे मी पाठवलं नाही. ती मुलगी आदिवासी आहे, तुम्हाला चालणार नाही असं मी धरून चालले. पुन्हा एकदा येता का?"

"मला कोणीही चाललं असतं हो," ते म्हणाले. "तुम्ही मला विचारलंच नाही."

मंगळवारी ते आले, तोच इस्त्रीचा सदरा. पेपर मी ट्रेमध्ये ठेवला, तिने उचलला, कोपरा पाहिला आणि पडदा त्यांच्यासाठी बाजूला धरला. आतून टकटक ऐकू यायला लागली आणि तो प्रश्न, हे बरं, की हे. मी काउंटरवर बसून ऐकत होते. तिच्या वहीत त्यांचा क्रमांक पंच्याऐंशी. त्यांच्या पेपरवर खोडलेली जागा अजून आहे, आणि चष्मा असल्यामुळे ती मला लांबूनही दिसते.